सावली पाण्यात नको

आमच्या कणकवलीकडे गळ टाकून मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात. गरी म्हणजे गळ, त्यावरून गरवणं. बांबूची बारीक काठी, तिला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगुसाला गरी, गरीला गांडूळ, आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोंडीवर उकिडवा बसलेला मामा. एवढ्या शिदोरीवर मी चाळिशी उलटल्यावर अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ट्राउट हे थंड पाण्यातले मासे धरायला निघालो. पहिले दोन महिने एक मासा मिळाला नाही.

आम्ही लाँगमाँटला राहतो. रॉकी पर्वत घराच्या खिडकीतून दिसतो आणि त्यातून उतरणारे बर्फाच्या पाण्याचे ओढे तासाभरावर आहेत. मी धरला तो मिडल सेंट व्रेन. नावात सेंट असला तरी हा संत नव्हे, सेरन सेंट व्रेन नावाचा फरचा व्यापारी होता. लायन्स गावातून डोंगरात शिरायचं, पीक टू पीक रस्त्याला लागायचं आणि कॅम्प डिक या तंबूतळापाशी गाडी लावायची. तिथली उंची साडेआठ हजार फुटांच्या वर. ओढा पंधरा-वीस फूट रुंद, बऱ्याच जागी गुडघाभर, दोन्ही काठांना विलोची झुडपं आणि त्यामागे स्प्रूसची दाटी. नकाशावर 'क्रीक' लिहिलेलं असतं, इथली जुनी माणसं 'क्रिक' म्हणतात. मी मनात व्हाळच म्हणत होतो.

आधी परवाना. मामाने जन्मात मासे धरायचा परवाना काढला नव्हता, त्यामुळे मला याची गंमतच वाटली. सहा महिने राज्यात राहिलं की रहिवासी म्हणून स्वस्तात मिळतो. वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि पुढच्या ३१ मार्चला संपतं, म्हणजे चक्क तेरा महिन्यांचं. सोबत 'हॅबिटॅट स्टॅम्प' घ्यावा लागतो, आणि परवान्याच्या रकमेतले काही सेंट डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकांसाठी जातात. हे वाचून बायको म्हणाली, "घे, तुझ्या कामाचंच आहे."

मग सामान. इथे मी फसलो असं म्हणणार नाही, पण दुकानातून बाहेर पडलो तेव्हा जेवढे पैसे गेले होते तेवढ्यात मामाच्या पिढीने छप्पर शाकारलं असतं. साडेसात फुटी, तीन नंबरी ग्रॅफाइटची काठी, चाक, पाण्यावर तरंगणारी हिरवी दोरी, तिच्या टोकाला निमुळता होत जाणारा दोरा, म्हणजे 'लीडर', आणि डबीभर माश्या. माश्या म्हणजे गळाला पिसं आणि केस गुंडाळून बनवलेले नकली किडे. एल्क हरणाच्या केसांची 'एल्क हेअर कॅडिस' मला सगळ्यात आवडली. ते केस आतून पोकळ असतात म्हणून ती बुडत नाही. तंगुसाची जाडी इथे एक्समध्ये मोजतात आणि आकडा वाढला की दोरा बारीक होतो. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की इंचाचे हजारावे भाग मिळतात, म्हणजे ५ एक्सचा तंगूस सहा हजारांश इंच. गळाचंही तसंच उलटं, सोळा नंबरचा गळ चौदापेक्षा लहान. ही गणितं मला दुकानातच तोंडपाठ झाली. मासे धरण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही हे नंतर कळलं.

पहिल्यांदा गेलो तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. ओढा दोन्ही काठ धरून फेसाळत चालला होता, आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं. मला आनंद झाला. आमच्याकडे मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला आणि व्हाळ भरून धावायला लागला की चढणीचे मासे येतात. अंडी घालायला उलट्या प्रवाहाने शेतांपर्यंत चढतात, लोक रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडतात. भरलेला व्हाळ म्हणजे मासे, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून घट्ट बसलेलं. चार तास मी त्या पाण्यावर माशी आपटत उभा राहिलो.

ते पाणी पावसाचं नव्हतं, वितळलेल्या बर्फाचं होतं. बोटं घातली तर मिनिटभरात बधिर होत होती. मासा थंड रक्ताचा, पाणी इतकं गार असलं की त्याची भूकही गारठते. तो तळाशी दगडाच्या आडोशाला, जिथे प्रवाह संथ असेल तिथे, अंग चोरून बसतो. वर धबधब्यासारख्या पाण्यावरून सेकंदभर वाहत गेलेली माझी माशी त्याला दिसलीही नसेल. मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत इथले ओढे असेच असतात आणि जाणती माणसं जुलै उजाडायची वाट बघतात. हे मला माहीत नव्हतं. तर, मामाच्या विद्येचा पहिला धडा इथे निकामी ठरला.

उरलेला जून मी घराजवळच्या बागेत हिरवळीवर दोरी फेकायला शिकण्यात घालवला. गळाऐवजी टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा. आमच्या गरीला शिशाचा तुकडा किंवा निदान गांडुळाचं वजन असतं, ते भिरकावलं की तंगूस मागोमाग जातो. इथे माशीला वजनच नाही, म्हणून फेकायची ती दोरी, माशी तिच्या शेपटीला धरून जाते. तीन नंबरी दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा वजनाने काठी वाकली पाहिजे, आणि ती वाकायची तर दोरी मागे पूर्ण सुटेपर्यंत थांबायचं. हे थांबणं भयंकर अवघड. हात घाई करतो आणि चाबकासारखा फटका बसतो. बागेत फिरायला येणारी एक बाई माझ्याकडे बघून रोज कुत्र्याची दोरी जवळ ओढून घ्यायची.

दोन आठवड्यांनी मात्र माझी दोरी मागे-पुढे छान वळसे घेऊ लागली. चाळीस फुटांवरच्या ताटलीत मी लोकर टाकू शकत होतो. या ताटलीचा मला इतका अभिमान होता की त्याचा व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला.

जुलैत ओढा उतरला, पाणी काचेसारखं झालं. मी काठावर उभा राहून काठी मागे नेली आणि माशी विलोत अडकली. सोडवली, पुन्हा फेकली, स्प्रूसच्या फांदीत अडकली. त्या ओढ्यावर मागे तीस फूट मोकळी जागा अशी कुठेही नाही. बागेतली सगळी कारागिरी तिथे पाण्यात. दोन फेऱ्यांत अकरा माश्या झाडांना वाहिल्या. आणि जिथे माशी नीट पडली तिथे आधीच एक काळी रेघ दगडाखाली पळून गेलेली असे. सावली हलल्यासारखं दिसायचं आणि संपायचं. प्रत्येक डोहात हेच. मासे होते, भरपूर होते, आणि त्यांना माझ्याबद्दल माझ्यापेक्षा लवकर कळत होतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ त्याला वळत नाही, म्हणून मी त्यांना 'सर' म्हणतो आणि ते दर वेळी चिडतात. कुंपणाशी मी माझी रडकथा सांगितली. त्यांनी फक्त विचारलं, "घातलं काय होतंस?" मी हाफ मॅरेथॉनला मिळालेला केशरी टी-शर्ट घातला होता. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, शनिवारी पहाटे पाचला तयार राहा, शर्ट मातीच्या रंगाचा घाल, आणि गुडघ्यांना काहीतरी बांध.

गुडघ्यांना का, ते ओढ्यावर कळलं. काठापासून वीस पावलांवरच ते वाकले आणि शेवटची पावलं रांगत गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस! माझ्या डोळ्यांसमोर थेट मामा आला. कोंडीवर जाताना तो आम्हा पोरांना असाच वाकवायचा, दबक्या आवाजात "पाण्यार सावळी पाडू नको" म्हणून खेकसायचा, आणि जो पाय आपटेल त्याला घरी पाठवायचा. हा धडा मला येत होता, माझ्या अंगात होता. महागाची काठी हातात आली म्हणून मी तो विसरून नदीवरच्या जाहिरातीतल्या माणसासारखा ताठ उभा राहिलो होतो.

सरांनी त्यामागचं कारण समजावलं. वाहत्या पाण्यात मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून वर सरकायचं. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे उंच उभा माणूस त्या खिडकीत चांगला दिसतो, आणि जो जमिनीलगत आहे तो खिडकीच्या कडेला चेपून जवळजवळ नाहीसा होतो. शाळेत भौतिकशास्त्रात पाण्यातल्या वाकड्या पेन्सिलीची आकृती मी शंभर वेळा काढली होती. मासा त्या पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाला असतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग दोरी. चाळीस फूट विसर, ते म्हणाले, तुझी काठी साडेसात फुटांची आहे, तिच्या टोकातून दोरी जेमतेम बाहेर काढ आणि उरलेलं लीडरवर भागव. झुडपांत जिथे काठी मागे नेता येत नाही तिथे माशी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, काठी वाकेपर्यंत ताणायची आणि सोडायची. पुस्तकी नाव धनुष्यबाण, पण मला ती सरळ बेचकी वाटली. चिमटीत गळाचा वाक धरायचा, टोक नाही. मी टोक धरलं होतं. गळाला उलटा काटा नव्हता म्हणून बोटातून तो अलगद निघाला. उलटा काटा पकडीने चेपून टाकायचा हे सरांनी गाडीतच करून घेतलं होतं, माशासाठी म्हणून. पहिला फायदा मलाच झाला.

आणखी एक गोष्ट आहे जिच्यावर सगळं अडतं. ओढ्याचं पाणी सगळीकडे एका वेगाने जात नाही. दगडाच्या मागे ते संथ, दोन हातांवर धावतं. दोरी धावत्या पाण्यावर पडली की ती संथ पाण्यातल्या माशीला ओढते, माशीमागे बारीक रेघ उमटते. खरा किडा असा पोहत नाही. माशाला हे कळतं आणि तो वर येत नाही. उपाय म्हणजे काठी उंच धरायची, दोरी पाण्याला टेकूच द्यायची नाही, फक्त माशी आणि वीतभर तंगूस पाण्यावर. मोठ्या नदीवर माशी तीस-चाळीस फूट नीट वाहावी लागते. इथे दगडामागच्या परातीएवढ्या जागेत दोन फूट वाहिली तरी पुरे. दोन सेकंद. त्यात ट्राउट आला तर आला, नाहीतर पुढचा दगड. वरच्या ओढ्यात खाणं थोडं आणि उन्हाळा आखूड, त्यामुळे मासा नखरे करत बसत नाही.

चौथ्या की पाचव्या दगडामागे माशी गायब झाली. टपकन असा आवाज, पावसाच्या मोठ्या थेंबाचा व्हावा तसा. मी गांडुळाच्या गरीला देतात तसा झटका दिला आणि मासा पाण्यातून निघून माझ्या खांद्यावरून मागच्या विलोत जाऊन लटकला. सर गुडघ्यांवर होते ते आडवे पडून हसले. फांदीत तडफडणाऱ्या सात इंची माशाला सोडवताना माझा हात थरथरत होता. "हात आधी ओला कर," ते ओरडले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला बुरशी लागते.

ब्रुक ट्राउट होता. पाठ शेवाळी, तिच्यावर वाळवीने लाकूड कोरावं तशी पिवळट नागमोडी नक्षी. कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला निळं कडं. खालचे पर नारिंगी आणि त्यांना पुढून चुन्याची रेघ ओढल्यासारखी पांढरी कड. आमच्या व्हाळातले मासे रुपेरी किंवा मातकट, इतका नटलेला मासा मी गोड्या पाण्यात पाहिला नव्हता. पाण्यात धरला तेव्हा क्षणभर बोटांत थांबला आणि मग तिथे नव्हताच.

त्या दिवशी मी सहा धरले, सरांनी किती ते त्यांनी सांगितलं नाही. सव्वाबाराला पश्चिमेला ढग चढले आणि ते लगेच काठ्या उतरवायला लागले. उन्हाळ्यात रॉकीमध्ये दुपारी वीज ठरलेली, आणि ग्रॅफाइटमधून वीज उत्तम वाहते. म्हणजे आपण हातात साडेसात फुटांचा विजेचा खांब घेऊन ओल्या पायांनी उभे असतो. गाडीत बसेपर्यंत टपावर गारा वाजायला लागल्या. त्याआधी गाडीकडे परतताना विलोमध्ये मूस या अवाढव्य हरणाची मादी चरत उभी होती, घोड्याहून उंच. सरांनी मला खांद्याला धरून झाडामागे ओढलं आणि ती जाईपर्यंत आम्ही श्वास धरून उभे. अस्वलापेक्षा मी हिला घाबरतो, ते म्हणाले.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे पहाट. फोटो बघून ती खूश झाली. "केवढे गावले?" सहा. "मगे शिजवलंस कसे?" मी म्हटलं, सोडून दिले. पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन तुटला.

"सोडलंस? मगे गेललंस कित्याक?"

याला उत्तर नाही. इथे बहुतेक जण धरून सोडतात, छोट्या ओढ्यात मासे मोजके असतात आणि धरणारे पुष्कळ, हे मला पटतंही. पण आईचा प्रश्न माझाच होता. खायचं नसेल तर एखाद्या जिवाच्या तोंडात गळ का रुतवायचा? मी सरांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, ब्रुक असेल तर खा की.

त्याची कथा वेगळी आहे. ब्रुक ट्राउट मूळचा इथला नाही, तो अमेरिकेच्या पूर्वेकडचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इकडे आणून सोडलेला. ब्राऊन युरोपातून आला, रेनबो पॅसिफिककडून. पर्वताच्या या उताराचा अस्सल मासा म्हणजे ग्रीनबॅक कटथ्रोट, घशाखाली लाल चिरा असलेला. खाणींचं पाणी, बेसुमार मासेमारी आणि हे नवे मासे यांनी तो इतका संपला की १९३७ मध्ये नामशेष धरला गेला. पुढे काही दशकांनी बोल्डरजवळच्या कोमो क्रीकसारख्या ओढ्यांत काही सापडले. मग अनेक वर्षं त्यांची पैदास करून ओढ्या-तळ्यांत सोडली, १९९४ मध्ये तो राज्याचा मासा झाला. आणि २०१२ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासल्यावर निघालं की इतकी वर्षं जपला तो ग्रीनबॅक नव्हेच! खरा ग्रीनबॅक फक्त कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकच्या एका तुकड्यात उरला होता, तोही त्याच्या मूळ खोऱ्याबाहेर कुणीतरी नेऊन ठेवलेला. तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. २०२२ मध्ये हर्मन गल्चमध्ये सोडलेल्या खऱ्या ग्रीनबॅकना आपोआप पिल्लं झाल्याचं जाहीर झालं. सरकारी खात्यांच्या चुकांवर हसायची आपल्याला सवय आहे, पण अर्धशतकाची मेहनत चुकीच्या माशावर गेल्यावर सरळ कबूल करून पुन्हा कामाला लागणं मला मोठं वाटतं.

तर, ग्रीनबॅक लागला तर सोडायलाच हवा, पण ब्रुकला तसा मान नाही. नियमाने दिवसाला चार ट्राउट घरी नेता येतात, शिवाय आठ इंचांपर्यंतचे ब्रुक आणखी दहा. कारण ते थोड्या जागेत इतके वाढतात की खुजे राहतात.

ऑगस्टच्या शेवटी मी एकटा गेलो. आता मला प्रत्येक दगड उलटून बघायची खोड लागली होती. खाली वाळू आणि काटक्या चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या असतात, त्यात कॅडिसची अळी राहते, आणि तिचंच मोठेपणीचं रूप माझ्या डबीत एल्कच्या केसांचं होऊन बसलेलं. सरांचे शब्द आठवत, मामाला आठवत, गुडघे फोडून घेत मी वर सरकलो. दहा वाजेपर्यंत चौदा धरले, पाच ठेवले, सगळे सात-आठ इंचांचे.

ट्राउटला खवले इतके बारीक की खवलावे लागत नाहीत. पोट फाडून धुतलं की झालं. सर मक्याच्या पिठात घोळवून बेकनच्या चरबीत तळतात. मी हळद, मीठ, मालवणी मसाला लावून अर्धा तास ठेवले. कोकमाचं आगळ नव्हतं म्हणून लिंबू पिळलं, आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. बायकोने खिडक्या उघडल्या. आईला कॉल लावून मी फोन चुलीसमोर उभा केला.

"नाव काय म्हणालंस ह्या माशाचा?"

ब्रुक, मी म्हटलं. ब्रुक म्हणजे इंग्रजीत लहान ओढा.

"म्हणजे व्हाळातलोच मासो मां तो," ती म्हणाली. "मगे इतक्या लांब कित्याक गेललंस?" मग जरा पुढे वाकून तव्याकडे बघत, "आणि डोकी खंय? डोक्यांचा सार करूक होया. टाकलंस नाय मां?"

डोकी मी सकाळी ओढ्यापासून दूर, कॅम्प डिकच्या अस्वलप्रूफ कचराकुंडीत टाकून आलो होतो. म्हटलं, फ्रीजमध्ये आहेत.